सोळा मिनिटं पेटलेली शेगडी आणि दत्ताराम काकांची वही

एप्रिल २०२५ मधली गोष्ट. पेपरात बातमी होती की हैदराबादच्या डीआरडीएलने, म्हणजे डीआरडीओच्या लॅबने, स्क्रॅमजेट इंजिनाचा कम्बस्टर (इंधन जिथे जळतं तो भाग) जमिनीवरच्या टेस्टमध्ये १००० सेकंदांपेक्षा जास्त वेळ चालवून दाखवला. म्हापशाला आमच्या घराजवळ दत्ताराम काकांचा पसरो आहे, पसरो म्हणजे किराणा दुकान, गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो. मी इंजिनिअरिंग शिकवतो हे काकांना माहीत असल्यामुळे असली कुठलीही बातमी आली की जाब मला विचारला जातो. तसा त्या दिवशी पण विचारला, "काय रे, हजार सेकंद म्हणजे सोळा-सतरा मिनिटं. आमच्याकडे शेगडी रोज दोन तास पेटते, ती नाही कोणी पेपरात छापत!" आणि शिवाय बातमीत खाली लिहिलेलं वाचून दाखवलं की हे सगळं आधी कॉम्प्युटरवर करून बघतात. "म्हणजे खोटं खोटं पेटवायचं, आणि मग खरं."

काका कोंकणीत बोलतात, मी इथे मराठीत लिहितोय. पण प्रश्न दोन्ही भाषांत तितकाच रास्त आहे, आणि त्याचं उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या देता येत नाही म्हणून हा लेख.

आधी हे इंजिन काय ते बघू

रॉकेट आपला ऑक्सिजन सोबत घेऊन जातं. अमेरिकेच्या स्पेस शटलची ती मोठी नारिंगी टाकी आठवत असेल, तिच्यात हायड्रोजन होता साधारण १०६ टन आणि तो जाळायला ऑक्सिजन होता ६२९ टन. म्हणजे प्रवासाला निघताना जेवणाच्या डब्याबरोबर श्वास घ्यायला हवा पण ट्रंकेत भरून न्यायची! बाहेर फुकटची हवा असताना एवढं ओझं कशाला, हा साधा विचार या सगळ्याच्या मुळाशी आहे.

विमानाचं इंजिन बाहेरची हवा घेतं, पण ती दाबायला त्यात फिरणारी पाती लागतात. खूप वेगात गेलात तर पात्यांची गरजच राहत नाही, वेगामुळेच हवा समोरच्या तोंडात कोंबली जाते आणि दाबली जाते. याला रॅमजेट म्हणतात, आपलं ब्रह्मोस याच्यावर चालतं. रॅमजेटमध्ये आत आलेल्या हवेचा वेग आवाजाच्या वेगापेक्षा कमी केला जातो आणि मग तिच्यात इंधन जाळतात. पण आवाजाच्या पाचपट वगैरे वेगाच्या पुढे गेलं की एवढी जोरात आलेली हवा थांबवायची म्हणजे तिचा सगळा वेग उष्णतेत जातो, दाब वाया जातो, आणि हवा इतकी तापते की इंधन जाळून जे मिळायला हवं तेच मिळेनासं होतं. मग उपाय काय? हवेला पूर्ण थांबवूच नका. थोडी हळू करा, पण आत सुद्धा ती आवाजापेक्षा वेगातच पळू दे आणि पळतापळता तिच्यात इंधन पेटवा. हेच स्क्रॅमजेट.

वेग सांगताना 'माक' हा शब्द येतो, माक १ म्हणजे आवाजाचा वेग, माक ६ म्हणजे त्याच्या सहापट. तीस किलोमीटर उंचीवर माक ६ म्हणजे सेकंदाला साधारण १.८ किलोमीटर. पणजीहून मडगाव वीस सेकंदांत. (कदंबाच्या शटल बसवाल्यांनी मनावर घेऊ नये.)

इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ ला श्रीहरिकोट्याहून रॉकेटला लावून स्क्रॅमजेट हवेत तपासलं, ते माक ६ ला साधारण ५ सेकंद चाललं. डीआरडीओने ७ सप्टेंबर २०२० ला ओडिशाच्या किनाऱ्यावरून उडवलेलं २० सेकंदांपेक्षा जास्त चाललं. ही दोन्ही हवेतली, आणि २०२५ चं हजार सेकंदांचं जमिनीवरचं, त्यातही पूर्ण मापाच्या नव्हे तर छोट्या कम्बस्टरचं, तेव्हा ५, २०, १००० अशी सरळ शिडी मांडू नका. तरी पण शेगडीशी तुलना होत नाही ती का, ते आता.

आमच्या शेगडीसारखं का नाही

सरकारी पत्रकात लिहिलेलं की हे म्हणजे वादळात मेणबत्ती पेटती ठेवण्यासारखं आहे. उपमा बरोबर आहे पण माझ्या मते अर्धीच. मेणबत्तीने नुसतं पेटत राहिलं तरी चालतं. इथे सगळं मेण आत्ताच्या आत्ता जळून संपलं पाहिजे.

हिशोब करा. आत हवा सेकंदाला एक किलोमीटरच्या पुढेच पळतेय. कम्बस्टर एक मीटर लांब धरा. म्हणजे हवेचा एक घोट आत शिरून बाहेर पडायला जास्तीत जास्त एक मिलिसेकंद, सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात इंधन फवारायचं, ते हवेत मिसळायचं, पेटायचं, पूर्ण जळायचं. न जळता मागून निघून गेलं तर ते इंधन नुसतं समुद्रात ओतल्यासारखं.

यातलं सगळ्यात चिवट काम कुठलं, तर मिसळणं. सोलकढी करताना नारळाच्या दुधात आगळ, म्हणजे कोकमाचा रस, ओतलेलं बघा. पहिल्यांदा लाल दोरे दोरे दिसतात, चमच्याने ढवळलं की दोरे बारीक होत जातात, आणि मग कुठे सगळं एकसारखं गुलाबी होतं. दोरे दिसतायत तोपर्यंत आगळ आणि दूध शेजारी शेजारी आहेत, मिसळलेले नाहीत. इंधनाचं तसंच आहे, त्याचा रेणू आणि ऑक्सिजनचा रेणू अगदी एकमेकांना भिडल्याशिवाय जळणं होत नाही. आणि इथे चमचा कोणी फिरवत नाही, हवेनेच स्वतःला ढवळून घ्यायचं आहे, तेही एका मिलिसेकंदात.

म्हणून भिंतीत मुद्दाम खळगा ठेवतात. पावसात ओहोळाच्या मधल्या धोंड्यामागे पान अडकून गोल गोल फिरत राहतं, बाजूने पाणी धो धो जात असतं, तसा खळग्यात गरम वायू फिरत राहतो आणि येणाऱ्या नव्या मिश्रणाला पेटवत राहतो.

खबर मागे जात नाही

आता थोडं थांबून एक गोष्ट समजून घ्यायला लागेल, ती कळली की पुढचं सोपं.

तुम्ही हळू वाहणाऱ्या हवेत हात धरलात तर हवा हाताला आपटायच्या आधीच बाजूला व्हायला लागते. का, तर 'पुढे अडथळा आहे' ही खबर हवेत आवाजाच्या वेगाने मागे जाते. पण हवाच आवाजापेक्षा वेगात येत असेल तर? खबर उलट दिशेने जाऊच शकत नाही, आणि मागून येणाऱ्या हवेला काही कळायच्या आत ती अडथळ्यावर येऊन थडकते. पर्वरीच्या हायवेवर वळणापलीकडे ट्रॅफिक तुंबलंय आणि तुम्हाला दिसलंच नाही, मग कचकन ब्रेक, तसं. या कचकन ब्रेकच्या रेषेला शॉक वेव्ह म्हणतात, तिच्यात हवेचा दाब आणि तापमान एका झटक्यात वाढतं, आणि ती रेष इतकी पातळ की समुद्रसपाटीच्या हवेत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी जाडीची असते.

स्क्रॅमजेटच्या तोंडात अशा शॉक वेव्ह मुद्दाम तयार करतात, हवा दाबायचं काम त्याच करतात. पण आत इंधन गरजेपेक्षा जास्त जळलं तर हवा फुगते, तिला पुढे जायला जागा उरत नाही, आणि शॉक मागे मागे सरकत इंजिनाच्या तोंडाबाहेर ढकलला जातो. चोडणच्या फेरीबोटीला गाड्या हळूहळू चढायला लागल्या की रांग धक्क्यावरून रस्त्यावर, रस्त्यावरून तिठ्यापर्यंत येते की नाही, तसं. इंजिनाचं तोंडच बंद, हवा आत येणं तुटतं. इंजिनिअर लोक याला 'अनस्टार्ट' म्हणतात, आणि हे व्हायला काही मिलिसेकंद पुरतात. अमेरिकेच्या एक्स-५१ए या विमानाच्या १३ जून २०११ च्या उड्डाणात हेच झालं. आधी इथिलीन वायूवर इंजिन पेटलं, मग मुख्य इंधनावर बदलताना अनस्टार्ट झाला आणि ते गेलं पॅसिफिकमध्ये. त्यांचंच १ मे २०१३ चं उड्डाण मात्र जमलं, स्क्रॅमजेट २०० सेकंदांपेक्षा जास्त चाललं.

मग पेटवून बघा ना, कॉम्प्युटर कशाला?

हा काकांचा पुढचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर मला पण विद्यार्थी असताना हेच वाटायचं.

अडचण अशी की जमिनीवर माक ६ ची हवा आणायची कुठून. ती नुसती वेगात असून भागत नाही, तापलेली पण हवी. माक ६ च्या हवेला पूर्ण थांबवलं तर ती इंधनाची काडी न लावताच दीड हजार सेल्सिअसच्या आसपास जाते, म्हणजे टेस्टसाठी तेवढी गरम हवा सतत पुरवायला लागते. एक रस्ता म्हणजे शॉक टनेल, म्हणजे शॉक वेव्ह सोडून क्षणभर तापलेली वेगवान हवा तयार करणारी लांब नळी, त्यात हवा अस्सल मिळते पण टेस्ट चालते मोजक्या मिलिसेकंदांची. दुसरा रस्ता म्हणजे हवेतच आधी हायड्रोजन किंवा दुसरं काही जाळून ती तापवायची आणि खर्च झालेला ऑक्सिजन वरून परत घालायचा. याने जास्त वेळ टेस्ट होते, पण आता त्या हवेत पाण्याची वाफ आली. आकाशात तीस किलोमीटरवर तेवढी वाफ नसते, आणि वाफेमुळे पेटण्याची रसायनं थोडी बदलतात. म्हणजे तुम्ही जे तपासलं ते नेमकं आकाशातलं इंजिन नव्हेच, त्याचा सख्खा चुलतभाऊ म्हणा.

आणि खरं उडवलं तर? एकेक उड्डाण म्हणजे रॉकेटचा खर्च, भिंतीवर बसवलेले मोजके सेन्सर, आणि शेवटी सगळं समुद्रात. भिंतीवरचा दाब कळतो, पण मधोमध आत काय चाललेलं ते कोणी बघितलेलं नाही.

म्हणून कॉम्प्युटर. टनेल आणि उड्डाण सोडून नव्हे, त्यांच्या जोडीला.

सिम्युलेशन म्हणजे काकांची वही

लोकांना वाटतं सिम्युलेशन म्हणजे व्हिडिओ गेमसारखं, कोणीतरी आग काढलीय आणि ती हलतेय. तसं नाही हो. ती वही आहे.

काकांच्या काउंटरखाली लाल कापडाच्या पुठ्ठ्याची एक लांब वही असते, यूपीआय आलं तरी ती गेलेली नाही. रोज किती तांदूळ आला, किती गेला, किती उरला. आलेलं वजा गेलेलं म्हणजे उरलेल्यातली वाढ, हे जुळलंच पाहिजे. नाही जुळलं तर काका रात्री जेवत नाहीत.

आता असं धरा की इंजिनातली सगळी जागा छोट्या छोट्या डब्यांत वाटली आणि प्रत्येक डब्याची अशी एक वही ठेवली. डाव्या भिंतीतून किती हवा आली, उजव्या भिंतीतून किती गेली. तसंच हवेच्या जोराचं, तसंच ऊर्जेचं. एका डब्यातून गेलेलं शेजारच्या डब्यात आलेलं असलंच पाहिजे, कारण मधे गळती नाही. हे नियम १९ व्या शतकात नेव्हिए आणि स्टोक्स यांनी समीकरणांत मांडले आणि त्यांच्या नावानेच ओळखले जातात. गंमत म्हणजे त्या समीकरणांच्या सोप्या रूपाला सुद्धा तिन्ही मितींत नेहमी नीट उत्तर असतंच का, हे आजवर कोणाला सिद्ध करता आलेलं नाही, त्याच्यावर २००० सालापासून दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे, ते अजून तसंच पडलंय. पण डबे पाडून एकेक पाऊल पुढे जात हिशोब करता येतो. या धंद्याला कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स म्हणतात, थोडक्यात सीएफडी, आणि डब्यांच्या जाळ्याला मेश.

ही कल्पना कॉम्प्युटरच्या आधीची आहे. लुईस फ्राय रिचर्डसन नावाच्या इंग्रज माणसाने पहिल्या महायुद्धाच्या काळात असे डबे पाडून हवामानाचा सहा तासांचा अंदाज हाताने काढला, आणि त्याचं उत्तर साफ चुकलं. तरी १९२२ मध्ये त्याने ते चुकलेलं उत्तर छापलं, आणि लिहिलं की ६४,००० माणसं एका गोल सभागृहात बसवून हिशोब करायला लावली तर अंदाज हवामानाच्या बरोबरीने धावेल. मला हा माणूस फार आवडतो, चुकलेली वही लोकांसमोर उघडी ठेवायला हिंमत लागते.

आता आपला कम्बस्टर घ्या, एक मीटर लांब, दहा सेंटीमीटर रुंद, दहा उंच. एक मिलिमीटरचे डबे पाडले तर होतात एक कोटी. प्रत्येक डब्यात हवेचं वजन, तीन दिशांचा जोर, ऊर्जा, शिवाय प्रत्येक रसायन किती, असे हायड्रोजन इंधन असलं तरी चौदाएक आकडे. आणि वेळेचं पाऊल पण मनाला येईल तेवढं टाकता येत नाही, साधारण नियम असा की एका पावलात हवा (आणि तिच्यातला आवाज) एक डबा ओलांडून पुढे जाता कामा नये, नाहीतर वही एका रात्रीत कोसळते. मिलिमीटरच्या डब्याला ते पाऊल येतं सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही निम्म्याहून कमी. म्हणजे एक मिलिसेकंद बघायचा तर अडीच हजार वेळा एक कोटी वह्या लिहायच्या.

आणि डबे दहापट बारीक करा म्हटलं तर? डबे हजारपट होतात, पाऊल दहापट लहान होतं, काम दहा हजारपट. सुपरकॉम्प्युटर का लागतात त्याचं उत्तर एवढंच आहे. आपल्या पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेने विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० बनवला तो १९९१ मध्ये, असल्याच कामांसाठी बाहेरून मशीन मिळत नव्हती म्हणून. इस्रोच्या तिरुवनंतपुरमच्या केंद्राने, व्हीएसएससीने, तर आता स्वतःचं सीएफडी सॉफ्टवेअर केलंय, नाव 'प्रवाह'. नाव ठेवणाऱ्याला माझे दहापैकी दहा.

जाळ्यातून सुटणारी मासळी

इथे खरी मेख आहे आणि इथेच वेळ घालवायला हवा.

फेरीबोट गेली की मागे मोठे भोवरे उठतात, ते फुटून मध्यम होतात, मध्यम फुटून बारीक, आणि शेवटी इतके बारीक की पाण्याच्या चिकटपणात विरून जातात. वेगाच्या हवेत तसंच, याला टर्ब्युलन्स म्हणतात. स्क्रॅमजेटमध्ये सगळ्यात बारीक भोवरे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास आणि त्याहूनही लहान असू शकतात. आणि आपले डबे मिलिमीटरचे.

रापणीला ओढलेल्या जाळ्याची भोकं मोठी असली तर बांगडा मिळतो, पण बारीक मासळी सुटून जाते. सुटली म्हणजे ती समुद्रात नाही असं नव्हे. तशीच भोवऱ्यांची बारीक मासळी मेशमधून सुटते, आणि सोलकढीचं आठवा, शेवटचं खरं मिसळणं तर त्या बारकावरच होतं!

मग तीन रस्ते. जाळं इतकं बारीक विणा की एक मासा सुटणार नाही, हे उत्तम, पण पूर्ण इंजिनासाठी आजचा कुठलाही कॉम्प्युटर पुरत नाही, हातभर तुकड्यावर सुद्धा जड जातं. दुसरं, मोठे भोवरे पकडा आणि सुटलेल्या मासळीचा अंदाज पकडलेल्यावरून बांधा. तिसरं आणि सगळ्यात स्वस्त, भोवरे पकडूच नका, सगळ्याची सरासरी काढा आणि भोवऱ्यांचा परिणाम एका सूत्रात कोंबा. कंपन्यांत आणि लॅबमध्ये रोजचं डिझाइन अजून बरंचसं या तिसऱ्यावर चालतं.

त्या सूत्रात काही आकडे हाताने भरायचे असतात, रेडिओच्या बटणासारखे. त्यातला एक ठरवतो की भोवरे इंधन किती जोरात पसरवतात. हा आकडा थोडा इकडे केला तर कॉम्प्युटर म्हणतो आग विझली, थोडा तिकडे केला तर म्हणतो एवढी भडकली की अनस्टार्ट झाला. तेच इंजिन, तीच हवा, तेच इंधन! काकांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे वजनकाट्याखाली बोट."

बोट नाही, पण काटा कुठे लावायचा ते माणूस ठरवतो हे खरंय. म्हणून तो आकडा आधी झालेल्या एखाद्या टेस्टशी ताडून ठरवतात, आणि मग दुसऱ्या, वेगळ्या टेस्टचं उत्तर त्याच आकड्याने येतं का ते बघतात. पहिल्याच टेस्टशी जुळवून पहिल्याच टेस्टचं उत्तर बरोबर आलं म्हणून मिरवणारे पण असतात, त्यांच्यापासून चार हात लांब राहावं.

जळण्याचा हिशोब वेगळाच

हायड्रोजन जळून पाणी होतं, शाळेत एका ओळीत शिकवतात. प्रत्यक्षात मधे ऑक्सिजन फुटतो, अर्धवट तुकडे तयार होतात, ते एकमेकांना भिडतात, आणि नऊ प्रकारचे रेणू-अणू व वीसेक प्रक्रिया धरल्या की कुठे चित्र पुरं होतं. मिथेनसाठी नेहमी वापरतात ती एक यादी ५३ रसायनांची आणि ३२५ प्रक्रियांची आहे. केरोसीन तर शेकडो रसायनांवर जातं, म्हणून यादीतली दुय्यम मंडळी काढून टाकून हिशोब करतात, आणि कोणाला काढायचं यावरून शास्त्रज्ञांत भांडणं होतात.

शिवाय वेग. यातल्या काही प्रक्रिया नॅनोसेकंदात होतात, हवेच्या पावलाच्या शेकडो पट भराभर. म्हणजे वहीत तांदळाची नोंद दिवसातून एकदा आणि चिल्लरची नोंद दर सेकंदाला, दोन्ही एकाच पानावर. कॉम्प्युटरचा बराचसा वेळ या चिल्लरमध्येच जातो.

मग ते हजार सेकंद कॉम्प्युटरवर कसे केले?

केलेच नसणार, निदान असे सलग नाही. वरच्याच पावलाने हजार सेकंद चालायचे तर अडीचशे कोटी पावलं होतात, प्रत्येक पावलाला एक कोटी डबे. कोणी करत बसत नाही.

पण गरजही नसते. हवा आणि आग काही मिलिसेकंदांत आपापल्या जागी स्थिरावतात, हळू तापत जाते ती भिंत. म्हणून हवेचा हिशोब थोडा वेळ चालवून भिंतीवर किती उष्णता येतेय ते काढायचं, मग भिंतीचा हिशोब मोठ्या पावलांनी करायचा, भिंत बरीच तापली की परत हवेकडे यायचं.

आणि हजार सेकंदांचं कौतुक पण भिंतीचंच आहे. ५ सेकंदांत धातू तापायच्या आधी टेस्ट संपते. सोळा मिनिटांत लपायला जागा नाही. त्यासाठी इंधन जाळायच्या आधी भिंतीच्या आतल्या बारीक नळ्यांतून फिरवतात. भाताच्या पातेल्यात पाणी आहे तोपर्यंत भात करपत नाही ना, तसं. त्यात हे इंधन नुसतं तापत नाही, तापून त्याचे रेणू तुटतात आणि तुटतानाही उष्णता पितात, आणि तुटलेले तुकडे पेटायला उलट सोपे. एका दगडात दोन पक्षी. काकांच्या शेगडीला हे करायला लागत नाही कारण तिची आग मोकळ्या स्वयंपाकघरात आहे, डब्यात कोंडलेली नाही.

रंगीत चित्र म्हणजे खरं?

माझंच सांगतो. एमईला असताना मी एक साधा कम्बस्टर केलेला, सपाट, दोनच मितींचा. पहिले तीन आठवडे तो नुसता फुटायचा, स्क्रीनवर तापमान उणे चारशे केल्विन, जे हवेला शक्यच नाही. एकदा रात्रभर लावून ठेवला तर पहाटे लाइट गेली. शेवटी एका दिवशी चालला. लाल, पिवळी, निळी अशी सुंदर ज्योत, तिरक्या शॉकच्या रेषा, अगदी पोस्टरवर लावावी अशी. मी प्रिंट काढून सरांकडे गेलो.

सरांनी चित्राकडे बघितलं पण नाही. विचारलं, "आत किती हवा गेली आणि बाहेर किती आली?"

मी मोजलेलंच नव्हतं. परत येऊन मोजलं तर शंभर किलो आत गेल्यावर शहाण्णव बाहेर येत होती. चार किलो हवा गायब! दोन दिवस शोधल्यावर कळलं की वरच्या भिंतीचा एक छोटा तुकडा मी चुकून 'बाहेर जायची वाट' म्हणून ठरवलेला, तिथून हवा निवांत निसटत होती, आणि चित्रात ती सगळ्यात सुंदर दिसणारी जागा होती. तेव्हापासून कोणीही रंगीत चित्र दाखवलं की मी आधी आवक-जावक विचारतो.

त्यातून दोन वेगळ्या तपासण्या असतात हेही कळलं. एक म्हणजे गणित बरोबर सोडवलंय का, वही जुळतेय का, डबे अर्धे केले तर उत्तर बदलतंय का. दुसरी म्हणजे मुळात बरोबर गणित घेतलंय का, टनेलमध्ये मोजलेल्या दाबाशी जुळतंय का. पहिली पास झाली म्हणजे दुसरी पास असं अजिबात नाही, वही पैशाला पैसा जुळते पण दुकानदाराने भावच चुकीचा लावलेला असू शकतो.

हवामान खात्यासारखं चुकत असेल तर?

हा आक्षेप गोव्यात येणारच, जूनमध्ये ऑरेंज अलर्ट म्हणून शाळा बंद आणि बाहेर कडकडीत ऊन हे आपण सगळ्यांनी बघितलंय. समीकरणं एकाच घराण्यातली आहेत हेही खरं. पण हवामानात मोठी रड ही की आज या क्षणी अरबी समुद्रावरच्या हवेत प्रत्येक ठिकाणी काय आहे ते पूर्ण कळत नाही, आणि सुरुवातीची छोटी चूक दिवसागणिक फुगत जाते. इंजिनात तोंडातून काय येतंय ते बरंच माहीत असतं आणि एका मिलिसेकंदात हवा बाहेर पण पडते, चूक फुगायला तेवढा वेळच मिळत नाही. इथली चूक वेगळ्या जागची, भोवऱ्यांच्या अंदाजातली आणि रसायनांच्या यादीतली, ती वर सांगितलीच.

आणि एआय? वापरतायत, हजारो सिम्युलेशनं शिकवून पुढचं उत्तर झटकन काढायला. पण त्याला शिकवायला खरी वही लागतेच, आणि न शिकवलेल्या ठिकाणी ते आत्मविश्वासाने काहीही सांगतं. याच्याहून जास्त त्यावर आज बोलत नाही.

बुडीत किती धरता?

हे सगळं मी काकांना एका दमात सांगितलं असं समजू नका, चार-पाच संध्याकाळी गेल्या, मधे गिऱ्हाइकं, मधे फेणीची चौकशी करणारे टुरिस्ट. शेवटच्या संध्याकाळी काका वही मिटता मिटता म्हणाले, "सगळं कळलं, पण एक सांग. मी वर्षअखेरीला उधारी मोजतो तेव्हा सगळी येणार असं धरत नाही. थोडी बुडणारच. तुम्ही बुडीत किती धरता?"

मी चाटच पडलो, कारण या विषयात नेमकं हेच अलीकडचं मोठं काम आहे. एकच सिम्युलेशन करून एक उत्तर द्यायचं नाही. जे आकडे आपल्याला पक्के माहीत नाहीत, म्हणजे ते भोवऱ्याचं बटण, प्रक्रियांचे वेग, आत येणाऱ्या हवेचं तापमान, ते सगळे थोडे थोडे इकडे तिकडे करून परत परत तेच इंजिन चालवायचं आणि उत्तराचा पट्टा काढायचा. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड विद्यापीठाने ३० जुलै २००२ ला हायशॉट नावाचं स्क्रॅमजेट उडवलेलं, त्याच इंजिनावर पुढे स्टॅनफर्डच्या लोकांनी काही वर्षं असं काम केलं, प्रश्न एवढाच की इंधन किती वाढवलं की अनस्टार्ट होईल, आणि ते किती खात्रीने सांगता येईल. उत्तर एक रेघ नसते, एक पट्टा असतो, आणि डिझाइन करणारा त्या पट्ट्याच्या अलीकडे राहतो, थोडा जोर कमी मिळाला तरी चालेल म्हणून.

"मग पट्टा रुंद आला तर?"

"तर इंधन कमी टाकायचं, नाहीतर आणखी टेस्ट करून पट्टा अरुंद करायचा."

काकांनी वही काउंटरखाली सरकवली, शटर अर्धं ओढलं आणि म्हणाले, "आम्ही पण तेच करतो. ज्याचा पट्टा रुंद, त्याला उधार बंद."